बर्फात वर्ष काढायचंय? स्कीइंगचं गाव निवडताना या चुका टाळा

पदवीनंतर एक वर्ष थांबून स्कीइंग शिकायचं ठरलं की बहुतेक जण उताराचे व्हिडिओ बघून गाव ठरवतात. उतारावर दिवसाचे चार-पाच तास जातात. बाकीचा वेळ खोलीत, बाजारात आणि रस्त्यावर काढायचा असतो, आणि फसगत तिथेच होते. भारतात राहून शिकायचं तर मुख्य पर्याय तीन: गुलमर्ग, मनालीजवळचं सोलंग आणि उत्तराखंडातलं औली.

उतारालाच गाव समजणं

गुलमर्गला (सुमारे 2,650 मीटर) हॉटेलं आहेत, लष्कराची शाळा आहे, गोंडोला (केबल कार) आहे. महिन्याच्या भाड्याने राहण्यासारखी वस्ती मात्र 13 किलोमीटर खाली, तंगमर्गला. तिथून रोज सुमोने वर जायचं. बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडतात, म्हणून स्वस्त खोलीच्या भाड्यात हा रोजचा खर्च धरूनच तुलना करा.

औलीला शिकणाऱ्याचा मुक्काम जोशीमठात, म्हणजे आताच्या ज्योतिर्मठात. जुनी माहिती वाचून तिथून औलीला नेणाऱ्या रोपवेच्या भरवशावर राहू नका. जानेवारी 2023 मध्ये तिथली जमीन खचू लागली तेव्हा तो बंद झाला. हिशेब रस्त्याचाच करा. त्या वेळी प्रशासनाने धोकादायक घरांवर लाल फुल्या मारल्या होत्या. खोली बघताना भिंतीचे तडे बघा, नवा रंग दिसला तर जास्तच निरखून बघा.

सोलंग मनालीपासून साधारण 13 किलोमीटर. जोराचा बर्फ झाला की पोलीस साध्या गाड्या नेहरू कुंडापाशीच अडवतात. ज्या दिवशी उतार सर्वांत छान, नेमक्या त्याच दिवशी मनालीत राहणारा अडकतो. पलचान किंवा बुरुआ ही गावं त्या नाक्याच्या पुढे आहेत.

डिसेंबरपासून भाडं भरणं

काश्मीरचा चिल्ला-ए-कलां, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, 21 डिसेंबरला सुरू होतो आणि 40 दिवस चालतो. पण थंडी म्हणजे बर्फ नव्हे. जानेवारी 2024 चा बराचसा काळ गुलमर्ग कोरडंच होतं. 2025 मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ धरा आणि पूर्ण हंगामाचं भाडं आगाऊ देऊ नका. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था यांच्या कोर्सच्या तारखा आधी पक्क्या करा, खोली मागाहून.

म्हणजे वर्षातले आठ-दहा आठवडे स्कीइंगचे. उरलेल्या चाळीस आठवड्यांत काय, हे गाव निवडतानाच विचारायला हवं. हॉस्टेल, कॅफे, ट्रेकिंग यांची कामं मनालीत सर्वांत सहज मिळतात. तरी कुल्लू जिल्ह्यात पावसाळ्यात, 15 जुलै ते 15 सप्टेंबर, पॅराग्लायडिंग आणि राफ्टिंग बंद असतं. जोशीमठला बद्रीनाथ यात्रेवर हंगाम चालतो. आमचं मत: अख्खं वर्ष राहायचं तर मनाली, फक्त बर्फासाठी गुलमर्ग, औली कोर्सपुरतं.

खोली दुपारी बघणं

दुपारी उन्हात सगळ्याच खोल्या चांगल्या दिसतात. सकाळी सातला जा आणि नळ सोडा. पाइप बाहेरच्या भिंतीवरून उघडा आला असेल तर तो गोठणारच. रात्री नळाची बारीक धार चालू ठेवायची, एक बादली आत भरून ठेवायची. तरीही गोठला तर उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिकचा पाइप तडकतो. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं नळाच्या टोकाकडून मागे गुंडाळत जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट मिळते. नळाला पाणी येईपर्यंत गीझर लावू नका, कॉइल जळते.

वीज गेली की इलेक्ट्रिक ब्लँकेट नुसती चादर. म्हणून बुखारी (लाकडावर चालणारी, धुराडं असलेली शेगडी) आहे का ते बघा, आणि लाकूड भाड्यात धरलंय का ते आधीच विचारा. वाद याच्यावरूनच होतात. तिच्या धुराड्याचे सांधे घट्ट हवेत. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, निखारे ठेवून झोपू नका. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर तो थंडीचा त्रास समजू नका, खोलीत साचलेल्या विषारी वायूचा असू शकतो; लगेच बाहेर पडा.

गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी गुलमर्ग निवडणं

अफरवाट शिखराकडे जाणारा वरचा टप्पा सुमारे 3,950 मीटरवर जातो, आणि वारा सुटला की बंद होतो. राखलेल्या पट्ट्याबाहेर तिथे हिमस्खलनाचा खरा धोका आहे. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि जोडीदार यांच्याशिवाय जायचं नाही. नवशिक्याला पहिल्या महिन्यात या टप्प्याचा काही उपयोग नाही.

बारीकसारीक

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. भाड्याचे बूट चावत असतील तर दोन मोजे घालू नका. पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजून सांगा आणि एकच पातळ, उंच मोजा घाला. परतल्यावर पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाच्या वेळी शिक्षणातल्या खंडाचं (गॅपचं) प्रतिज्ञापत्र मागितलं जातं, तेव्हा कोर्सचं प्रमाणपत्र आणि भाड्याच्या पावत्या जपून ठेवा.