परातीवर गेलेलं लुगडं

आज्जी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिची लोखंडी पेटी रिकामी करायचं घरात ठरलं. मी तेव्हा अंबाजोगाईत बारावीला होते. क्लासवरून आले तर ओट्यावर नवीकोरी स्टीलची परात. आईनं आज्जीची तीन लुगडी बोहारणीला देऊन ती घेतली होती. त्यात एक गर्द जांभळं इरकल होतं, लाल पदराचं. योगेश्वरीच्या दर्शनाला जाताना आज्जी तेवढं एकच नेसायची. मी आरडाओरडा केला तर आई म्हणाली, "जीर्ण झालतं ते. काय करायलीस त्याचं? नेसणार हायेस का?"

तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या परातीत आमच्या घरी अजून कणीक मळतात, आणि मी जुन्या कपड्यांवर पोट भरते.

गेली नऊ वर्षं मी छत्रपती संभाजीनगरात स्टायलिस्टचं काम करते. बीड-परभणीकडच्या मुली (आणि हल्ली मुलंही) दोनच गोष्टी विचारतात: हे काम नेमकं काय असतं, आणि मुंबईला न जाता करता येतं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. येतं, पण नुसत्या फॅशनवर भागत नाही. लग्नं, प्री-वेडिंग शूट, साडीच्या दुकानांचे कॅटलॉग, एखादी शॉर्ट फिल्म, गाण्याचे व्हिडिओ, कॉलेजांची गॅदरिंग, सगळं मिळून वर्ष निघतं.

पहिल्याचं उत्तर जरा लांब आहे. डिझायनर कपडा घडवतो. स्टायलिस्ट असलेल्या कपड्यांतून माणूस उभा करतो: कोणती साडी, तिच्यावर कोणतं ब्लाउज, पदर कुठवर, ठुशी की बोरमाळ, पायात काय. सिनेमात वेशभूषाकार ही दोन्ही कामं करतो. कोल्हापूरच्या भानू अथय्यांना 1983 साली ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं, ते 'गांधी'च्या वेशभूषेसाठी. त्यात झगमगाट कमी आणि खादी, धोतरं, साध्या माणसांचे कपडेच जास्त आहेत. नवीन मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण बहुतेकांच्या डोक्यात स्टायलिंग म्हणजे चमकी असते.

प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त काम ओझं वाहण्याचं आहे. दौलताबादच्या पायथ्याशी सकाळी सहाचं शूट असेल तर मी साडेतीनला उठते. दोन बॅगा, एक पेटी. पेटीत सेफ्टी पिनांचे तीन आकार, डबल टेप, सुई-दोरा, हुक, कपड्यांचे चिमटे, घामाचे पॅड, जादा पेटीकोट, तुरटी, बिस्किटाचा पुडा. स्टीमर असतोच, पण शेतात किंवा गावातल्या वाड्यात शूट असलं की लाईट जाते. म्हणून मी कोळशाची जुनी इस्त्रीही बाळगते. कॅमेरावाली पोरं हसतात. मे महिन्यात लातूरकडं एकदा भर दुपारी तिनंच अब्रू राखली, तेव्हापासून जरा कमी हसतात. जाता जाता एक: पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात स्टँड-लाईट घेऊन शूट करायचं तर आधी परवानगी काढावी लागते. ती फोटोग्राफर काढेल असं गृहीत धरून नवरीला नटवत बसू नका.

शिक्षणाचं म्हणाल तर निफ्टची, म्हणजे केंद्र सरकारच्या फॅशन संस्थेची, प्रवेश परीक्षा द्यायची हिंमत आणि घरची ऐपत असेल तर जरूर द्या. नवी मुंबईत खारघरला त्यांचं केंद्र आहे. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तोही चांगला. मी बी.ए. केलं आणि औरंगपुऱ्यातल्या एका टेलरकाकांच्या दुकानात सात महिने काजं-बटणं केली. पगार शून्य, चहा दोन वेळा. काकांनी शिकवलेलं कुठल्याही वर्गात मिळालं नसतं. जुनं ब्लाउज हातात आलं की आधी ते उलटं करायचं. त्या काळचे शिंपी शिवणीत दोन-दोन बोटं दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायचे, कारण बाई एकच ब्लाउज लेकरं झाल्यावरही वापरायची. तो दाब शाबूत असेल तर चाळीस वर्षांपूर्वीचं ब्लाउज आजच्या मुलीला बसतं. हल्लीच्या तयार ब्लाउजात दाबच नसतो, उसवून मिळणार काय?

आता जुन्या कपड्यांकडं येते, माझा जीव तिथंच आहे. बाजारात वीसेक वर्षांपेक्षा जुन्या कपड्याला व्हिंटेज म्हणतात. आमच्याकडं हा शब्द सांगितला की लोकांना वाटतं, हिला चिंध्या पाहिजेत. मला पाहिजे ते एवढंच, की कपडा आपल्या काळाचा असावा आणि तो काळ मला त्याच्यात वाचता यावा. ते वाचायला सुरुवात उलट्या बाजूनं करायची.

पैठणी घ्या. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर पुढून जसा, तसाच मागून. मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या दोऱ्यानं जागच्या जागी गुंतवत नेतात, त्यामुळं मागं दोरे लोंबत नाहीत. मागच्या बाजूला कापलेले दोरे दिसले की समजा, यंत्रावरची आहे. हे शिकल्यावर मी फार हुशार झाले आणि एका म्हाताऱ्या काकांकडची हिमरूची शेरवानी "मागं दोरे सुटलेत, नकली आहे" म्हणून परत केली. काका काही बोलले नाहीत. नंतर कळलं की हिमरूत जादा बाण्याचे, म्हणजे आडवे, दोरे मागं मोकळेच सुटलेले असतात, वीणच तशी. ताणा, म्हणजे उभा दोरा, सुती; बाणा रेशमी. मागच्या मोकळ्या दोऱ्यांमुळंच तो कपडा मऊ लागतो. अंगठी किंवा घड्याळ अडकू नये म्हणून त्याला अस्तर लावायचं असतं. एका कापडाचा नियम दुसऱ्याला लावला आणि याच शहराच्या कापडाला मी याच शहरात नकली ठरवलं! काकांची माफी मागायला गेले तर त्यांनी शेरवानी पुतण्याला देऊन टाकली होती.

इरकल ओळखायचं तर पदराच्या सांध्यावर बोट फिरवा. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा. दोन्ही ताणे फासे घालून एकमेकांत अडकवतात, त्याची बारीक रेघ हाताला लागते. ज्याच्यावरून नाव पडलं ते इलकल गाव कर्नाटकातलं, पण ते लुगडं धाराशिव-लातूरकडच्या आज्ज्यांनी इतकं नेसलंय की ते बाहेरचं आहे असं तुम्ही म्हणून तर बघा.

शर्ट-पॅंटच्या बाबतीत शिवणीतला एक दोरा काढून जाळायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख भुरभुरीत पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. टेरिलीन वितळून त्याचा कडक मणी होतो. वडिलांच्या पिढीला टेरिकॉटचं, म्हणजे टेरिलीन आणि सुताच्या मिश्र कापडाचं, केवढं कौतुक, इस्त्री लागत नाही म्हणून. बेलबॉटम आणि सफारी त्याच काळातल्या. मला ते कापड उन्हाळ्यात अंगावर सोसत नाही, पण कॅमेऱ्यात ते अंगावर जसं पडतं त्याला तोड नाही, हे मान्य करते.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. तिसऱ्या वर्षी एका नवरीच्या आजीची पैठणी शूटसाठी मागून आणली. आदल्या रात्री घड्या मोडाव्यात म्हणून हॅंगरला टांगून ठेवली. सकाळी मधल्या घडीवर हातभर चीर. जुनं रेशीम घडीवर कुजतं आणि जरीचं वजन त्याला खाली ओढतं, हे मला ठाऊक नव्हतं. आजींच्या समोर जाऊन उभी राहिले तेव्हा पाय कापत होते. त्या चिरेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "पोरी, हिला पसरून ठिवायचं असतंय गं. माणसावानी." पैसे घेतले नाहीत. मी रफूगाराकडून ती चीर बुजवून दिली, पण बुजवलेली जागा मला माहीत आहे आणि त्यांनाही.

तेव्हापासूनची माझी रीत अशी. जुनी साडी आणली की आधी उजेडासमोर धरते. घडीवर रेघ विरळ दिसली तर ती नेसवायची नाही, फार तर खांद्यावर टाकून बसल्या फोटोला. जुन्या मलमलीत गुंडाळून आडवी ठेवते आणि दोन-तीन महिन्यांनी घड्या बदलते. डांबरगोळी कापडाला लागू देत नाही, कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत. जरीवर थेट इस्त्री नाही आणि सेंट तर अजिबात नाही, जर काळी पडते. नवरीनं सेंट मारायचाच असेल तर साडी नेसायच्या आधी. नवरीशी यावरून भांडणं होतात. होऊ देत.

चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून ही डागडुजी तेव्हाच. नवीन लोक या चार महिन्यांत घाबरून दुसरी नोकरी शोधतात. खरं तर तेव्हाच तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामाची तयारी होते: कपडे गोळा करणं, हुक बदलणं, दुकानदारांशी बोलून ठेवणं. जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात मला याच दिवसांत पितळी बटणं आणि एकदा अख्खी बाराबंदी (बंदांनी बांधायचा जुना अंगरखा) मिळाली.

मन लावून केलेलं काम म्हणजे 1948 सालात घडणारी एक छोटी फिल्म. निजामाच्या राजवटीचे शेवटचे महिने. दिग्दर्शक पोरगा चोवीस वर्षांचा, बजेट नावाला. त्यानं आधीच आणून ठेवलेल्या नऊवाऱ्यांना फॉल-पिको केलेला होता, आणि आत पेटीकोटही ठेवले होते. काष्ट्याच्या आत कसला पेटीकोट! सगळं उसवलं. हुकाच्या ब्लाउजांच्या जागी पुढं गाठ मारायच्या चोळ्या शिवून घेतल्या. धोतरं इतकी पांढरीशुभ्र होती की आत्ताच दुकानातून आणल्यासारखी दिसत, ती चहाच्या पाण्यातून काढली. शाळामास्तरच्या पात्राला दिग्दर्शक धोतर-टोपीच द्या म्हणत होता. मी माझ्या पणजोबांचा फोटो दाखवला. उर्दूतून शिकलेला देशस्थ माणूस, अंगात गळ्यापर्यंत बटणांची शेरवानी. मराठवाड्याचे जुने फोटो पुण्याच्या फोटोंसारखे दिसत नाहीत, ते हैदराबादकडं तोंड करून बसलेले असतात. शेरवानी मान्य झाली. ती आणली त्याच काकांच्या पुतण्याकडून, भाडं देऊन.

म्हणून संदर्भासाठी आधी घरचे अल्बम उघडा. कुठल्या आत्याच्या लग्नात पफ बाही आली, कुठल्या काकाची कॉलर छातीवर पसरली, हे सालवार मिळतं. फोटोमागं पेन्सिलीनं तारीख असते बहुतेकदा.

तांड्यावरच्या कपड्यांबद्दल एक बोलायचंय. बंजारा बायांची फेटिया-कांचळी, त्यावरच्या आरशांचं आणि कवड्यांचं काम कुणालाही भुरळ घालेल. "बंजारा थीम" म्हणून नवऱ्या ते मागतात. मी आणते, पण ज्या बाईचं आहे तिला भाडं देऊन आणि शूटला सोबत बोलावून. नेसवायचं कसं हे तिलाच ठाऊक असतं. शंभर-दोनशे टेकवून वर्षानुवर्षांचं टाक्यांचं काम उचलून आणणारे मी पाहिलेत, त्यांच्याबरोबर काम करत नाही.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या कामाचे मला दीड हजार मिळाले आणि प्रवासात सातशे गेले. एका दुकानानं कॅटलॉगचे पैसे अकरा महिने लटकवले. रोज फोन करून शेवटी निम्म्या रकमेवर तडजोड केली. आता निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय साडीला हात लावत नाही, नातेवाईक असले तरी. नातेवाईक असले तर जास्तच. आणलेल्या प्रत्येक कपड्याचा दोन्ही बाजूंनी फोटो, वहीत नोंद: कुणाचा, कुठं डाग होता, कधी परत. ही वही माझी खरी डिग्री आहे असं नवरा चिडवतो. त्याला ती चाळायला परवानगी नाही.

आई अजून विचारते, दुसऱ्याच्या आज्ज्यांची लुगडी सांभाळून काय मिळतं म्हणून. पण मागच्या दिवाळीला तिनं स्वतःच्या लग्नातला शालू बोहारणीला न देता माझ्याकडं पाठवला, वर्तमानपत्रात गुंडाळून. वर्तमानपत्राची शाई पदराला लागली होती. मी काही बोलले नाही.

बोहारणीवरचा राग कधीच गेलाय. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत येणारी एक बाई आता माझी सगळ्यात भरवशाची माणूस आहे. जुनं काही हाती लागलं की पुढं विकायच्या आधी मला फोन करते. त्यासाठी मी घरात पातेली, डबे, चाळण्या आणून ठेवल्यात, पलंगाखाली सगळा भांड्यांचा बाजार. परवा सकाळी तिचा फोन आला, "ताई, एक इरकल हाय. जांभळं. पण त्या बाईला परात पायजे, मोठी."

मी पलंगाखाली बघितलं. परात नव्हती. चप्पल घातली आणि गुलमंडीला गेले.