अवघड प्रश्नांची तयारी: ज्याची भीती वाटते तोच आधी घ्या

इंटरव्ह्यूला जे उत्तर द्यायला हवं होतं ते मला नेहमी लिफ्टमधून खाली आल्यावर सुचायचं, बैल गेला आणि झोपा केला. फ्रेंचमधे तर याला नावच आहे, जिन्यातली हुशारी, म्हणजे जिना उतरताना सुचलेली. पण खरं सांगू का, "मधली दीड वर्षं काय करत होता?" हा प्रश्न येणार हे मला माहीत नव्हतं असं काही नाही, सीव्हीमधलं ते भगदाड मीच तर टाईप केलं होतं. तरी आदल्या रात्री प्रॅक्टिस कशाची केली तर "स्वतःबद्दल सांगा" याची, कारण ते सोपं होतं.

तर पहिलं काम, कागद घ्या आणि "हे नाही विचारलं तर बरं" असं वाटणारे पाच-सहा प्रश्न लिहून काढा. समोरचा विचारेल तशाच खडूस भाषेत लिहायचे, गुळमुळीत करून नाही. प्रेझेंटेशन असेल तर जी स्लाईड तुम्ही घाईघाईने पुढे ढकलता ना, प्रश्न तिथेच येणार. स्वतःला नाही सुचले तर अशा मित्राला बसवा ज्याला तुमचं म्हणणं पटलेलं नाही, कौतुक करणारा काही कामाचा नाही.

मग उत्तर. पहिल्या वाक्यातच उत्तर आलं पाहिजे. माझं आधीचं असं होतं: "ते ॲक्चुअली काय झालं ना, घरी जरा प्रॉब्लेम होते, म्हणजे मी जॉब शोधत होतेच, मधे एक कोर्स पण बघितला, पण मग..." आणि यात दोन मिनिटं गेली. आता असं आहे: "आई आजारी होती, तिच्याजवळ कोणीतरी हवं होतं म्हणून मी घरी राहिले. आता ती बरी आहे, मी फुलटाईम काम करू शकते." बस, इथे तोंड बंद. समोरचा गप्प बसला तरी आपण पुढे बोलायचं नाही, सगळी माती तिथेच होते. आणि हे मनातल्या मनात नाही, मोठ्याने म्हणायचं, फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं (पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, चालायचंच). शब्द न् शब्द पाठ मात्र करू नका, मधेच कोणी टोकलं की कविता विसरल्यासारखं होतं, मुद्दे दोनच धरा.

प्रश्नातला शब्द उचलायचा नाही, हे मला फार उशिरा कळलं. १९७४ सालचा एक प्रयोग आहे, लोकांना गाड्यांच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. "जोरात आदळल्या" म्हटलं तर सरासरी अंदाज ताशी ४१ मैलांच्या आसपास आला, नुसतं "एकमेकींना लागल्या" म्हटलं तर ३२. एका शब्दाने एवढा फरक! अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष निक्सन, त्याने १९७३ मधे "मी काही लबाड नाही" असं स्वतःच म्हटलं आणि नेमका तोच शब्द त्याला कायमचा चिकटला. म्हणून "प्रोजेक्ट का बुडाला?" याला "बुडाला नाही हो" असं सुरू करायचं नाही. "तीन आठवडे उशीर झाला, कारण टेस्टिंग उशिरा सुरू झालं" असं आपल्या शब्दात सांगायचं. अर्थात खरंच बुडाला असेल तर बुडाला म्हणा, तिथे शब्दांचे खेळ लगेच कळतात.

साध्या गप्पांमधे एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भागच जातो, म्हणून दोन सेकंद थांबलो तरी युग लोटल्यासारखं वाटतं. वाटू दे. पाण्याचा घोट घ्या. एका दमात तीन प्रश्न आले तर "आधी खर्चाचं सांगते" म्हणून आपणच क्रम लावा. माहीत नसेल तर "आत्ता आकडा नाहीये, उद्या दुपारपर्यंत मेल करते", आणि मग खरंच करा, बरेच जण करत नाहीत. खाजगी गोष्टी उकरणाऱ्या नातेवाईकांना "ठरलं की सांगेन" एवढंच, कारणं दिली की त्यावर चर्चा सुरू.

घरी आल्यावर जो प्रश्न अनपेक्षित आला तो त्याच कागदावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतो. माझ्या कागदावर आता अकरा झालेत. दीड वर्षांचा प्रश्न मात्र मागच्या इंटरव्ह्यूत कोणी विचारलाच नाही, इतकी तयारी करून गेले होते, जरा वाईटच वाटलं.