‘ब्रे’ या स्कॉट्स शब्दाचा अर्थ आणि मूळ कसे शोधावे

कुशिऱ्याच्या बाजूने जोतिबाचा डोंगर पायी चढणारा माणूस पायथा, सोंड, कूस, खांदा, माथा हे शब्द सहज बोलून जातो. पण हे सगळे शब्द मुळात अंगाचे आहेत, याकडे त्याचे लक्ष जात नाही. डोंगराच्या उतारासाठी स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेत असलेला ‘ब्रे’ हा शब्द समजून घ्यायचा असेल, तर आपल्या बोलण्यातली ही सवय आधी ध्यानात घ्यावी, कारण त्या शब्दाची वाटही अंगावरूनच डोंगरावर गेलेली आहे.

व्युत्पत्तीकडे जाण्याची घाई न करता प्रथम अर्थ निश्चित करावा. ‘ब्रे’ म्हणजे डोंगराचा उतार, नदीकाठची चढती दरड, तसाच चढाचा रस्ताही. स्कॉटलंडच्या आयर्शर परगण्यात ‘इलेक्ट्रिक ब्रे’ नावाचा एक रस्ता आहे. तिथे आजूबाजूच्या जमिनीच्या ठेवणीमुळे डोळे फसतात आणि ब्रेक सोडलेली गाडी चढावर जात असल्याचा भास होतो. वाक्प्रचारही पाहावेत. ‘ब्रे उतरणे’ म्हणजे प्रकृती किंवा परिस्थिती ढासळणे. आपण ‘उतारवय’ म्हणतो, त्यामागची कल्पना हीच आहे. अशा वापरांच्या नोंदींसाठी जॉन जेमिसन यांचा 1808 चा स्कॉट्स व्युत्पत्तिकोश आहेच, पण 1931 ते 1976 या काळात 10 खंडांत निघालेला ‘स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी’ हा कोश अधिक उपयोगी पडतो, आणि 2004 पासून तो इंटरनेटवरही पाहता येतो.

यानंतर मूळ शोधावे. स्कॉट्स ही इंग्रजीची जर्मानिक बहीण आहे आणि तिच्यावर उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेचा मोठा ठसा आहे. प्राचीन नॉर्समधील ‘ब्रा’ या शब्दाचा अर्थ पापणीचा केस, आणि त्याच्याच नात्यातील जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ पापणी. पापणीवरून भुवई आणि भुवईवरून डोंगराची पुढे आलेली कड, असा हा अर्थप्रवास मानला जातो. तो ओढूनताणून आणलेला वाटत असेल, तर लॅटिन पडताळून पाहावी: तिथेही भुवईचा शब्द डोंगराच्या कडेसाठी वापरला गेला आहे. दिवाळीनंतर पन्हाळ्याच्या बाजूचे गवत वाळले, की खालून पाहताना कडेवरची उभी कुसळे आभाळावर केसांसारखी रेखलेली दिसतात. मला तरी हा अर्थ तिथेच पुरता पटला.

मराठी वाचकाचा पाय मात्र याच ठिकाणी घसरण्याचा संभव आहे. ‘ब्रे’ ऐकताच संस्कृत ‘भ्रू’ आठवतो, आणि ‘भ्रू’चे इंग्रजी ‘ब्राउ’शी, म्हणजे भुवईच्या शब्दाशी, खरोखरच नाते आहे, परंतु ‘ब्राउ’ आणि ‘ब्रे’ यांची मुळे वेगळी धरली जातात. त्यामुळे ‘भ्रू’ला थेट ‘ब्रे’शी जोडू नये. स्थळनामांतही असाच धोका आहे. ‘ब्रेमार’ या गावाच्या नावातला पहिला भाग ‘ब्रे’सारखाच ऐकू येतो, पण तो गेलिक भाषेतील ‘वरचा भाग’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. आणि गेलिक ही केल्टिक कुळातली, स्कॉट्सहून वेगळी भाषा आहे. म्हणून नाव कोणत्या भाषेच्या मुलखात रुजले, हे आधी पाहावे आणि मगच ध्वनीच्या साम्याला किंमत द्यावी.

हीच पद्धत घरच्या शब्दांवर चालवून पाहिल्यास हात बसतो. ‘कूस’ संस्कृत ‘कुक्षि’पर्यंत जाते, ‘सोंड’ ‘शुण्डा’पर्यंत आणि ‘खांदा’ ‘स्कन्ध’पर्यंत, ही मुळे कृ. पां. कुलकर्णी यांच्या व्युत्पत्तिकोशात तपासावीत, अर्थच्छटांसाठी मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची आवृत्ती उघडावी, आणि मग डोंगराखालच्या गावात जाऊन, सोंड नेमकी कुठे संपते आणि कूस कुठे सुरू होते, हे तिथल्या गुराख्याला बोट दाखवून विचारावे.