डिझेलवरून पेट्रोलवर आलात? आता या चुका टाळा

नवी पेट्रोल गाडी येऊन चार दिवस झाले असतील. सिग्नलला उभा होतो. हिरवा लागला, इंजिनाचा आवाज काही येईना. बंद पडली वाटतं, म्हणून किल्ली फिरवली आणि ‘खर्रर्र!’ इंजिन चालूच होतं. बारा वर्षं सीटखाली डिझेलची घरघर सोसलेल्या माणसाला शांत इंजिन म्हणजे बंद इंजिनच वाटणार. पण त्या खर्रर्रमध्ये स्टार्टरचे दात फिरत्या फ्लायव्हीलच्या दातांवर घासतात, आणि असं वारंवार झालं की दोन्ही झिजतात. आता मी कान सोडून आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा बघतो. सात-आठशेवर असला की गाडी चालू आहे. बटणवाल्या गाडीत खर्रर्र होत नाही. तिथे बटण दाबलं की चालू इंजिन बंद होतं आणि मागचे हॉर्न सुरू होतात.

डिझेल सोडताना फक्त गाडी बदलते. पाय, कान आणि नाक जुनेच राहतात, आणि बहुतेक चुका तिथूनच होतात.

पायाच्या चुका

डिझेलमध्ये क्लच हळू सोडला की ॲक्सिलरेटर न दाबताही गाडी सरकते. पेट्रोलला हे केलं की ती बऱ्याचदा धक्का खाऊन बंद पडते, चढावर तर हमखास. क्लच सोडताना थोडी रेस हवी, साधारण १२०० ते १५०० आरपीएम. बंद पडेल या भीतीने तीन हजारांवर रेस देऊन हाफ क्लचवर गाडी खेळवत राहिलात, तर क्लच प्लेटचा वास यायला वेळ लागत नाही.

याहून मोठी चूक म्हणजे लवकर गिअर टाकणं. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेलचा जोर १५०० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात असतो आणि साडेचार-पाच हजारांना काटा तांबड्यात जातो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचा खरा जोर चार हजारांच्या आसपास येतो आणि तांबडं सहा हजारांच्या पुढे लागतं. डिझेलवाला मात्र सवयीने ताशी ४० ला पाचवा टाकतो आणि ‘पिकअपच नाही’ म्हणून गाडीला नावं ठेवतो. पिकअप आहे, आपणच तिथवर जात नाही. ओव्हरटेकचं तर गणितच वेगळं. डिझेलमध्ये पाय दाबला की झालं. पेट्रोलमध्ये आधी एक गिअर खाली, कधी दोन, आणि मग पाय. समोरून ट्रक दिसल्यावर गिअर शोधत बसायची वेळ आणू नका. काटा साडेतीन हजारांवर गेला आणि इंजिन ओरडल्यासारखं वाटलं तरी घाबरायचं कारण नाही, तो तिचा नेहमीचा सूर आहे.

टर्बो पेट्रोल खालूनच उचलते, म्हणून तिथे डिझेलची सवय खपून जाते असं वाटतं. अर्धंच खरं आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनाला हजार-बाराशे आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ठेवून पाय तळापर्यंत दाबला, तर कधीकधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. हा दणका इतका जबर असतो की पिस्टनसुद्धा तडकू शकतो. २०२० मध्ये आलेल्या ‘एपीआय एसपी’ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा) ऑइलमध्ये हे टाळण्याची चाचणी मुद्दाम घेतली जाते. त्यामुळे मॅन्युअलमध्ये जे ऑइल सांगितलंय तेच घाला.

कान आणि नाक

टकटक हा डिझेलचा स्वभाव आहे. पेट्रोलमध्ये तोच आवाज तक्रार असते. चढावर लोड घेताना बाटलीत खडे हलवल्यासारखा बारीक किणकिणाट आला, तर इंजिन नॉक करतंय, म्हणजे मिश्रण अवेळी पेटतंय. गिअर खाली घ्या. तरीही थांबला नाही, तर ज्या ऑक्टेनचं (नॉक न होता टिकण्याच्या क्षमतेचा आकडा) पेट्रोल गाडीला सांगितलंय तेच भरलंय का ते बघा. मात्र गाडी साध्या पेट्रोलवर नीट चालत असेल, तर ताकद वाढेल या आशेने महागडं भरण्यात अर्थ नाही.

नाकाचं प्रकरण जास्त गंभीर आहे. डिझेलच्या पाइपमधून थेंब गळत असला तरी आपण ‘रविवारी बघू’ म्हणतो. डिझेलची वाफ पेट घ्यायला साधारण ५० अंशांच्या वर तापमान लागतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते, म्हणजे ती कायमच तयार असते. गाडीत किंवा बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला की इंजिन बंद, आणि गळती सापडेपर्यंत सुरू करायचं नाही. इथे रविवार नसतो.

पंपावर

तोंडात ‘डिझेल’ बसलेलं असतं. डिझेलचं नोझल बऱ्याच ठिकाणी जाड असल्यामुळे पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाशी अडतं, पण त्या भरवशावर राहू नका. चुकून भरलंच, तर किल्ली ‘ऑन’सुद्धा करू नका, कारण तेवढ्यानेच टाकीतला पंप चालू होऊन इंधन पुढे ढकलतो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. ‘वरून पेट्रोल भर, पातळ होईल’ असा सल्ला देणारा एक जण तिथे भेटतोच. त्याला हसून नमस्कार करा.

टाकीतला पंप म्हटल्यावर आणखी एक. त्याला आजूबाजूचं पेट्रोलच थंड ठेवतं. डिझेलइतकं ॲव्हरेज मिळत नाही, तेव्हा काटा आधी खाली येणारच. महिनोन्‌महिने रिझर्व्हवर फिरणं पंपाला महागात पडतं.

देखभालीत

डिझेलमध्ये नवं ऑइल काजळीने दोन दिवसांत काळं होतं. पेट्रोलमध्ये ते बराच काळ मधासारखं दिसतं आणि आपण म्हणतो, अजून चांगलंय की! रंगावर जाऊ नका, किलोमीटर आणि महिने मोजा. जुन्या गाडीचा उरलेला डबाही ओतू नका. निव्वळ डिझेलसाठीच्या ऑइलमध्ये फॉस्फरस जास्त असू शकतो, तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला) मानवत नाही. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर छोट्या-छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय.

डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, हवा धरली की हातपंप मारणं, यातून सुटका झाली. त्या जागी स्पार्क प्लग आले. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला, इरिडियमचे लाखाच्या आसपास. एक सिलिंडर मिस झाला, म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळलं नाही, तर गाडी थरथरते आणि इंजिनचा दिवा लुकलुकतो. दिवा स्थिर असेल तर मेकॅनिककडे चालवत न्या. लुकलुकत असेल तर थांबा, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळू शकतो.

शेवटची चूक मी स्वतः केलीय. थंड गाडी धुवायला म्हणून पाच मीटर बाहेर काढली आणि लगेच बंद केली. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं, ते प्लगवर तसंच राहिलं. तासाभराने सेल्फ नुसता फिरत राहिला, गाडी पकडेना. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत अशा वेळी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारायचा. पाय पूर्ण दाबलेला दिसला की कंप्युटर पेट्रोल बंद ठेवतो, नुसती हवा आत जाते आणि प्लग सुकतात. इंजिनाने पकडलं की लगेच पाय उचला. थोडा धूर येईल, वासही येईल. मग गाडी पुन्हा बंद न करता पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा.