सिस्टीम डिझाईनमध्ये येताय? नकाशावर आधी महिना लिहा

सिस्टीम डिझाईन म्हणजे इथे सॉफ्टवेअर नाही, माणसं आणि संस्था मिळून चालणारी व्यवस्था घडवणं. आर्नस्टीनची शिडी (लोकसहभागाच्या पायऱ्या), ऑस्ट्रॉमची आठ तत्त्वं (सामायिक साधनं सांभाळायची), मेडोजचे लिव्हरेज पॉइंट्स (व्यवस्था कुठे ढकलली की बदलते त्या जागा) तुम्ही वाचलेले असणारच. ते पुन्हा उगाळत नाही. खरी गोची होते पहिल्या फील्डवर्कला, स्टेकहोल्डर मॅप, म्हणजे संबंधित माणसांचा नकाशा, काढताना. कोणाकडे किती सत्ता, कोणाला किती रस? चार चौकोन, रंगीत चिठ्ठ्या, एक फोटो, झालं! मी यातच सगळ्यात जास्त फसले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कालव्याचं पाणी घ्या. भर पावसाळ्यात पाणी वापर संस्थेच्या (कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेच्या) बैठकीकडे काळं कुत्रं फिरकत नाही. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पाण्याची फेरी, सुटलं की पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या फोनला उसंत नसते. हेडचा, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचा शेतकरी निवांत झोपतो, टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, बॅटरी घेऊन रात्रभर चारीवर (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर). उन्हाळ्यात आणखी तिसरंच. कालव्याच्या पाझरावर ज्यांच्या विहिरी भरल्या, त्यांना बैठकीशी देणंघेणं उरत नाही. त्यांचं सगळं लक्ष लाइट कधी येते याकडे. ऑक्टोबरात ‘सत्ता जास्त, रस जास्त’ या चौकोनात बसवलेला माणूस एप्रिलमध्ये तिथून उठून गेलेला असतो. त्यात तुम्ही पाण्याच्या पाळीची यादी मोबाइलवर आणलीत की पाटकऱ्याचा रुबाब उतरतो आणि ज्याच्या पोराकडे चांगला फोन, त्याचा चढतो. म्हणजे सत्ता तुम्हीसुद्धा हलवताय. नकाशात स्वतःला कुठे दाखवलंत?

2005च्या राज्याच्या कायद्यानं पाणी वापर संस्थांच्या संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल यांना सारख्या जागा दिल्या. चांगलंच केलं. पण खुर्ची मिळाली म्हणून चारीत पाणी येत नाही. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची व्यवस्था, पाहा. तिचे नियम असे: पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ही शेवटची अट दोनदा वाचा. उद्या पैसेवाला येऊन जमिनी घेईल आणि पाणी त्याच्या मागे जाईल, ही वाट आधीच बुजवली आहे.

शनिवार-रविवारच्या वर्कशॉपमध्ये मिळणाऱ्या टूलकिटमध्ये हे शिकवत नाहीत. माझं मत विचाराल तर ते पैसे एसटीच्या तिकिटाला ठेवा. मेंटर निवडताना एवढंच विचारा: प्रोजेक्ट संपल्यावर तुम्ही त्या गावात परत गेला होतात का? उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ दुसरा शोधा.

घाबरू नका मात्र. पाण्याच्या मोजणीचं गणित, कायद्याची कलमं, सगळं हळूहळू जमतं. पहिला हंगाम गोंधळातच जातो, सगळ्यांचाच. एकच चारी धरा. पावसाळ्यात, रब्बीत, उन्हाळ्यात जा, दर वेळी नकाशा कोरा काढा आणि कोपऱ्यात महिना लिहा. कॉलेज प्रवासखर्च देत नसेल तर घराजवळचा कालवा निवडा.