फर्मवेअर अपडेट फसले तर? घरच्या संगणकाची आधीची तयारी

मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते. अलीकडच्या बहुतेक बोर्डांवर तिची क्षमता १६ किंवा ३२ एमबी असते आणि संगणक सुरू होताना सर्वांत आधी लागणारी आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर, तिच्यातच साठवलेली असते. ही आज्ञावली आता यूईएफआय या नव्या प्रकारची असली, तरी जुन्या सवयीने आपण तिला बायोसच म्हणतो. अपडेट करताना चिपमधील जुना मजकूर तुकड्यातुकड्याने पुसून त्या जागी नवा लिहिला जातो. हे काम अर्ध्यावर असताना वीज गेली, तर चिपमध्ये ना जुनी आवृत्ती धड उरते ना नवी. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. विंडोज बिघडली तर पेनड्राइव्हवरून पुन्हा टाकता येते. इथे मात्र पेनड्राइव्ह वाचणारी आज्ञावलीच नाहीशी झालेली असते.

त्यामुळे पहिला प्रश्न असा की, अपडेट खरोखर हवे आहे का? नवा प्रोसेसर बसवायचा असेल, रॅम नीट चालत नसेल किंवा सुरक्षेतील त्रुटी बुजवायची असेल, तर ते जरूर करावे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे इजा होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले आणि त्यावरचा उपाय बायोस अपडेटमधूनच आला. अशा वेळी जुन्या आवृत्तीवर राहणेच अधिक धोक्याचे. केवळ नवी आवृत्ती आली म्हणून हात घालण्यात मात्र अर्थ नाही.

फाइल उतरवण्याआधी बोर्डची ओळख पक्की करावी. विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’ उघडल्यास बोर्डचे नाव आणि सध्याच्या बायोसची आवृत्ती दिसते, परंतु एकाच नावाच्या बोर्डचे दोन-तीन सुधारित नमुने बाजारात असू शकतात आणि प्रत्येकासाठी फाइल वेगळी असू शकते. मी एकदा खोक्यावरच्या नावावर विसंबलो आणि फ्लॅश करणाऱ्या, म्हणजे चिपमध्ये फाइल लिहिणाऱ्या साधनाने ती फाइल नाकारली म्हणून बचावलो. टॉर्च मारून पाहिले तेव्हा बोर्डच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला रिव्हिजन क्रमांक वेगळाच निघाला. फाइल नेहमी उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिच्यासोबतची टीप शेवटपर्यंत वाचावी, कारण काही वेळा मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते, तर काही आवृत्त्यांनंतर मागे परतता येत नाही.

यानंतरची तयारी सर्वांत महत्त्वाची: अपडेट फसले, तर परत कसे यायचे हे आधीच ठरवणे. बऱ्याच बोर्डांवर मागच्या बाजूला एक लहानसे बटण असते. असुस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, एमएसआय फ्लॅश बायोस बटण आणि गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. प्रोसेसर आणि रॅम यांची मदत न घेता बोर्डवरचा एक स्वतंत्र नियंत्रक पेनड्राइव्हवरची फाइल थेट चिपमध्ये लिहितो, म्हणून मृतवत बोर्डही यातून उठू शकतो. त्यासाठी पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, फाइलला कंपनीने सांगितलेलेच नाव दिलेले आणि पेनड्राइव्ह नेमक्या या कामासाठी खूण केलेल्या पोर्टमध्ये लावलेला असावा लागतो. सध्या व्यवस्थित चालत असलेल्या आवृत्तीची फाइल घेऊन असा पेनड्राइव्ह आदल्या दिवशीच तयार करावा. माहितीपुस्तिकेतील संबंधित पानाचा फोटोही मोबाइलमध्ये ठेवावा. संगणक बंद पडल्यावर त्याच संगणकातील पीडीएफ काय कामाची? काही बोर्डांवर दुसरी राखीव बायोस चिप असते, तीही मोठा आधार ठरते. यांपैकी काहीच नसेल, तर चिपला क्लिप लावून बाहेरून लिहिणारे प्रोग्रॅमर नावाचे उपकरण हा शेवटचा मार्ग उरतो. मात्र काही चिप ३.३ तर काही १.८ व्होल्टच्या असल्याने हे काम जाणकाराकडेच सोपवावे.

वीज हा पुढचा मुद्दा. डेस्कटॉप यूपीएसवर असावा आणि त्या यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी तपासलेली असावी. भिंतीवरचे बटण बंद करताच संगणकही बंद पडत असेल, तर तो यूपीएस केवळ शोभेचा आहे. लॅपटॉपमध्ये बॅटरी भरलेली आणि चार्जरही जोडलेला असावा.

डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, सुरू असेल, तर अपडेटपूर्वी ते तात्पुरते स्थगित करावे आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. अन्यथा अपडेट सुखरूप होऊनही विंडोज ती की मागत बसते. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर वा रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) काढून सेटिंग मूळपदावर आणावे, पण त्याआधी बायोसच्या पडद्यांचे फोटो काढून ठेवावेत. डिस्कची जोडणी एएचसीआय (नेहमीची) पद्धतीची आहे की रेडची (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवण्याची), हे विशेष लक्षात ठेवावे. अपडेटनंतर ते बदलले, तर विंडोज सुरूच होत नाही.

शक्यतो विंडोजमधून फ्लॅश न करता बायोसच्या आतले साधन वापरावे, कारण तिथे मध्येच अडकणारा दुसरा कोणताही प्रोग्रॅम चालू नसतो. लिहिण्याचे काम सहसा काही मिनिटांत आटोपते. खरी परीक्षा त्यानंतरची असते. संगणक पुन्हा सुरू होताना, विशेषतः डीडीआर५ रॅम असल्यास, रॅमची नव्याने जुळवणी होते. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो, संगणक आपोआप एक-दोनदा बंद-चालूही होतो आणि घाबरलेला माणूस नेमका याच वेळी पॉवर बटण दाबून धरतो. घड्याळ लावून निदान पंधरा मिनिटे हात बांधून बसावे. त्यानंतरही काहीच दिसले नाही, तर वीज तोडून बोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी. याने फक्त सेटिंग पुसले जातात, बिघडलेले फर्मवेअर दुरुस्त होत नाही. तेवढ्याने भागले नाही, तर आदल्या दिवशी तयार केलेला पेनड्राइव्ह खुणेच्या पोर्टमध्ये लावून मागचे बटण दाबावे.

सारे सुरळीत झाल्यास नवी आवृत्ती दिसते का ते पाहावे, फोटोंवरून सेटिंग परत भरावेत, बिटलॉकर पुन्हा सुरू करावे आणि पेनड्राइव्हवर बोर्डचे नाव लिहून तो बाजूला ठेवून द्यावा.