सारणीच्या दोन ओळींमधील जागा: फल समजून घेण्याची एक पद्धत

अकरावीच्या गणितात ‘फल’ (फंक्शन) हा शब्द आला की बहुतेक विद्यार्थी त्याची व्याख्या पाठ करतात आणि सूत्रात संख्या घालून उत्तरे काढू लागतात. उत्तरे बरोबर येतात, पण त्या सूत्राने कशाचे काय होते आहे हे डोळ्यांपुढे उभे राहत नाही. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी म्हणूनच पहिले काही दिवस सूत्र लिहू देत नाही. आधी सारणी करायची, त्या सारणीला प्रश्न विचारायचे आणि मगच आलेख काढायचा, असा क्रम मी ठेवते. चौकटींची वही, पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल एवढे साहित्य त्याला पुरते.

सुरुवात घरातल्या कूलरपासून करावी. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात कूलरची टाकी भरणे हे रोजचेच काम होते. समजा, टाकीत ६० लिटर पाणी आहे आणि दर तासाला ८ लिटर पाणी उडून जाते. सारणी अशी होईल:

गेलेले तास: ०, १, २, ३, ४, ५
उरलेले पाणी (लिटर): ६०, ५२, ४४, ३६, २८, २०

वरच्या ओळीतील प्रत्येक संख्येखाली एक संख्या आहे आणि एकच आहे. तीन तासांनंतर टाकीत ३६ लिटर पाणी असेल आणि त्याच वेळी ४० लिटरही असेल, असे होऊ शकत नाही. फलाच्या व्याख्येचा गाभा एवढाच आहे. आता सारणीखाली तिसरी ओळ काढून तीत शेजारच्या दोन किमतींमधील फरक लिहावेत. इथे प्रत्येक फरक उणे ८ येतो. वरची ओळ सारख्या अंतराने पुढे जात असताना खालचे फरकही सारखेच राहत असतील, तर आलेख सरळ रेषाच येणार, हे कागदावर एकही बिंदू न मांडता सांगता येते. तासांना क्ष आणि पाण्याला य म्हटले तर य = ६० − ८क्ष हे सूत्र विद्यार्थ्याला आपोआप सुचते. उणे ८ हा त्या रेषेचा चढ आणि ६० ही रेषा य-अक्षाला जिथे छेदते ती उंची.

येथे थांबून एक प्रश्न अवश्य विचारावा: दहा तासांनंतर काय होईल? सूत्र विनातक्रार उणे २० लिटर असे उत्तर देते. टाकी मात्र साडेसात तासांतच कोरडी पडलेली असते. क्ष च्या ज्या किमतींना अर्थ आहे त्यांच्या संचाला फलाचा प्रांत म्हणतात. या उदाहरणात तो ० पासून ७.५ पर्यंतच आहे आणि तो सूत्राने ठरवलेला नसून टाकीने ठरवलेला आहे. आलेखही तिथेच संपला पाहिजे. रेषेच्या दोन्ही टोकांना सवयीने बाण काढणाऱ्या मुलांना मी ते बाण पुसायला लावते.

आलेख काढताना अक्ष, आरंभबिंदू आणि प्रमाण यांची निवड आपण करतो, ही गोष्ट पुरेशी समजावून सांगितली जात नाही. झिरो माईलचा दगडी स्तंभ आणि त्याशेजारचे चार घोडे नागपूरच्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असतात. त्या जागेला शून्य मानून कामठीकडचे अंतर धन आणि वर्ध्याकडचे अंतर ऋण धरले, तर तो रस्ता हाच एक अक्ष होतो. शून्य दुसऱ्या चौकात धरले असते तर सगळ्या संख्या बदलल्या असत्या, पण गावे जागची हलली नसती. प्रमाणाचेही तसेच आहे. कूलरच्या आलेखात उभ्या अक्षावर १ सेंटीमीटर म्हणजे ५ लिटर घेतले तर रेषा झपाट्याने खाली उतरताना दिसते आणि २० लिटर घेतले तर तीच रेषा निवांत वाटते. म्हणून कोणताही आलेख पाहताना वक्राकडे जाण्यापूर्वी नजर दोन्ही अक्षांवरील आकड्यांवरून फिरली पाहिजे, आणि उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हेही पाहिले पाहिजे.

यानंतर खरा कठीण प्रश्न येतो: सारणीत दोन ओळखीच्या किमतींच्या मध्ये काय असते?

सरळ रेषेच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. सेल्सिअसचे फॅरनहाइट करण्याची सारणी घ्या. ४० अंशांना १०४ आणि ५० अंशांना १२२, म्हणजे दहा अंशांमागे १८ आणि एका अंशामागे १.८. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. ही किंमत सारणीत नाही, पण ती ४० च्या पुढे ७.९ अंशांवर आहे, म्हणून १०४ मध्ये १४.२२ मिळवले की ११८.२२ फॅरनहाइट हे उत्तर मिळते. दोन बिंदूंमधून पट्टीने रेषा ओढणे इथे पूर्णपणे योग्य आहे.

पण या यशामुळेच पुढे चूक होते. य = क्ष³ − क्ष हे फल विद्यार्थ्याला द्यावे आणि क्ष च्या −१, ०, १ या किमतींची सारणी करायला सांगावी. तिन्ही वेळा शून्य येते. बहुतेक मुले ताबडतोब क्ष-अक्षावरच आडवी रेषा ओढून मोकळी होतात. −२ आणि २ घेतल्यावर −६ आणि ६ मिळते, तेव्हा ती टोके वळवतात, पण मधला सपाट भाग तसाच ठेवतात. मी त्यांना चूक सांगत नाही, ०.५ घालून पाहायला सांगते. ०.१२५ वजा ०.५ म्हणजे −०.३७५. तसेच −०.५ ला ०.३७५. सपाट वाटणाऱ्या जागी वक्र एका बाजूला वर उठतो आणि दुसऱ्या बाजूला खाली बुडतो, आणि तो सर्वांत खाली जातो ते क्ष ०.५८ च्या आसपास असताना. सारणी खोटे बोलली नव्हती. आपण विचारले नव्हते, म्हणून तिने ते सांगितले नव्हते. हा अनुभव विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने यावा, एवढ्यासाठीच मी आलेख काढून देणारे मोबाइलवरचे अ‍ॅप पहिल्या आठवड्यात वापरू देत नाही. नंतर ते जरूर वापरावे.

कधीकधी दोन ओळींच्या मध्ये काहीच नसते. क्रिकेटमध्ये षटकारांच्या संख्येनुसार धावा मांडल्या, तर १ ला ६ आणि २ ला १२ असे बिंदू मिळतात. दीड षटकार कोणी मारत नाही, म्हणून ते बिंदू सुटेच ठेवायचे. काही फलांत उडी असते. समजा, मेट्रोचे भाडे २ किलोमीटरपर्यंत १० रुपये आणि त्यापुढे ४ किलोमीटरपर्यंत १५ रुपये आहे. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.) आलेखात दोन आडव्या पायऱ्या दिसतील. क्ष २ असताना भाडे १० रुपयेच आहे, म्हणून खालच्या पायरीच्या टोकाला भरीव ठिपका आणि वरच्या पायरीच्या सुरुवातीला पोकळ ठिपका काढावा. या दोन ठिपक्यांना उभ्या रेषेने जोडू नये, कारण तसे केले तर २ या एकाच किमतीला अनेक भाडी असल्याचा अर्थ निघतो आणि ते फलच राहत नाही.

हीच आलेखावरची कसोटी आहे. कोणतीही उभी रेषा आलेखाला एकाहून अधिक ठिकाणी छेदत असेल, तर तो फलाचा आलेख नाही. मे महिन्यातील एका दिवसाचे तापमान दर तासाला टिपून वेळ आडव्या अक्षावर मांडली, तर फल मिळते, जरी त्याला कोणतेही सूत्र नसले तरी. अक्षांची अदलाबदल केली की ते मोडते, कारण ४० अंश तापमान सकाळी चढताना एकदा येते आणि संध्याकाळी उतरताना पुन्हा एकदा येते. ‘तापमान कळले तर वेळ सांगता येईल का?’ असे विचारले की ही गोष्ट मुलांना कसोटीपेक्षाही लवकर पटते.

आता फरकांच्या ओळीकडे परत येऊ, कारण तिचा उपयोग सरळ रेषेपुरता नाही. संत्र्याच्या रोपवाटिकेसाठी ४० मीटर कुंपणाची तार आहे आणि आयताकृती जागा घेरायची आहे. एक बाजू क्ष मीटर धरली तर दुसरी २० − क्ष होते.

एक बाजू (मीटर): ०, २, ४, ६, ८, १०, १२
क्षेत्रफळ (चौ. मीटर): ०, ३६, ६४, ८४, ९६, १००, ९६

फरक येतात ३६, २८, २०, १२, ४ आणि उणे ४. ते सारखे नाहीत, पण त्यांचेही फरक काढले तर प्रत्येक वेळी उणे ८ मिळते. दुसरे फरक स्थिर असतील तर फल वर्गाचे, म्हणजे सूत्रात क्ष² असलेले, असते आणि आलेख अन्वस्त (पॅराबोला) येतो. शिवाय ८ आणि १२ या दोघांनाही ९६ आलेले पाहून आलेखाची सममिती क्ष = १० या रेषेभोवती आहे आणि सर्वांत मोठी जागा चौरसच देतो, हे सारणीतच वाचता येते. चक्रवाढ व्याजात मात्र कितीही वेळा फरक काढले तरी ते स्थिर होत नाहीत. १०००, ११००, १२१०, १३३१ या रकमांत शेजारच्या दोघांचे गुणोत्तर १.१ हे स्थिर असते.

फरकांची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटांनी ‘ज्या’ची, म्हणजे आजच्या भाषेत साइनची, सारणी दिली ती किमतींच्या रूपात नसून फरकांच्या रूपात आहे. ९० अंशांचे २४ समान भाग केले की प्रत्येक भाग २२५ कलांचा होतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि फरक आहेत २२५, २२४, २२२, २१९, २१५ असे उतरत उतरत शेवटी ३७, २२ आणि ७. सगळ्यांची बेरीज ३४३८ येते. वर्तुळाचा परीघ २१,६०० कला धरला तर त्याची त्रिज्याही जवळजवळ ३४३८ कलाच येते. विद्यार्थ्याने हे फरक एकेक मिळवत जाऊन आलेख कागदावर बिंदू मांडावेत आणि दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच ठेवावे. पहिली पायरी २२५ आडवी आणि २२५ उभी असल्याने वक्र अक्षाशी ४५ अंशांचा कोन करून निघतो. पुढे प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा बुटकी होत जाते, आणि शेवटच्या पायरीत २२५ कला पुढे सरकूनही उंची केवळ ७ ने वाढत असल्यामुळे तो ९० अंशांपाशी जवळजवळ आडवा होतो.